तुमचे प्रश्न : रेल्वे बंद पाडणारा माणूस रेल्वेमंत्री कसा झाला?

गेल्या अंकात संपांवरच्या लेखात मुंबईचे कामगार पुढारी आणि पुढे केंद्रीय मंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस यांचा नुसता ओझरता उल्लेख होता, पण त्यावर मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज एवढे आले की यावेळचं सगळं सदर त्यांच्यावरच करतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काहींनी प्रश्न न विचारता नुसत्या शिव्या घातल्यात, त्या पोचल्या.

ताई, आमचे वडील नेहमी सांगायचे की १९६७ ला जॉर्जनी स. का. पाटलांना पाडलं तेव्हा गिरगावात दिवाळी झाली. एक साधा नगरसेवक एवढ्या मोठ्या मंत्र्याला कसा काय पाडू शकला? (वाचक, गिरगाव)

नुसता मंत्री नाही, रेल्वेमंत्री. हे आधी लक्षात ठेवा कारण पुढे या गोष्टीत रेल्वे सारखी येणार आहे.

सदोबा कान्होजी पाटील म्हणजे तेव्हा मुंबईचा अनभिषिक्त राजा. तीनदा महापौर झालेला माणूस, मुंबई काँग्रेस हातात, पक्षाला पैसा उभा करून देण्यात पटाईत, आणि स्वतः मराठी असून मुंबई महाराष्ट्राला द्यायला विरोध केलेला, त्यामुळे चाळीचाळींत त्यांच्याबद्दल दहा वर्षांचा राग साचलेला होता. समोर ३६ वर्षांचे जॉर्ज, संयुक्त समाजवादी पक्षाचे, १९६१ पासून महापालिकेत नगरसेवक. पाटलांना विचारलं की तुमच्याविरुद्ध हा नगरसेवक उभा राहतोय तर ते म्हणाले की मला देवसुद्धा पाडू शकत नाही, असं सांगतात. झालं, जॉर्जच्या लोकांनी तेच पोस्टरवर घेतलं, देव पाडू शकत नसेल पण तुम्ही पाडू शकता, अशा अर्थाचं. प्रतिस्पर्ध्यानेच फुकटात घोषणा लिहून दिली म्हणा ना.

पण पोस्टरने निवडणूक जिंकली असं मानणं भाबडेपणा होईल. जॉर्जच्या मागे महापालिकेचे सफाई कामगार होते, बेस्टवाले होते, हॉटेलातली पोरं होती आणि मुख्य म्हणजे टॅक्सीवाले. आता विचार करा, टॅक्सीवाला दिवसभर शहरभर फिरतो, किती लोकांशी बोलतो, त्याच्याइतका स्वस्त प्रचारक कुठून आणणार? वर १९६६ चं रुपयाचं अवमूल्यन, धान्याची टंचाई, आणि त्या निवडणुकीत काँग्रेसला देशभर फटका बसलेलाच होता. मुंबईतच दुसऱ्या मतदारसंघातून कॉम्रेड डांगेही त्याच वर्षी लोकसभेत गेले. तर जॉर्जना साडेअठ्ठेचाळीस टक्के मतं पडली, पाटील पडले आणि पेपरवाल्यांनी नाव ठेवलं जॉर्ज द जायंट किलर. 'बंद सम्राट' हे नाव मुंबईकरांनी दिलं ते वेगळं.

मी सातपूर एमआयडीसीत कामाला आहे. एक कळत नाही, ज्या माणसाने कधी टॅक्सी चालवली नाही, गोदीत गोणी उचलली नाही, तो युनियनचा पुढारी कसा होतो? (वाचक, नाशिक)

कायद्यानेच होतो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात होतं की युनियनच्या पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे तरी त्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणारे हवेत. म्हणजे उरलेले निम्मे बाहेरचे चालतात. आणि ते लागायचेच, कारण आतला माणूस पुढे झाला की मालक दुसऱ्या दिवशी त्याला गेटबाहेर काढणार. शिवाय लेबर कोर्ट, इंग्रजीतली पत्रं, तडजोडीची बोलणी हे सगळं करायला वेळ असलेला आणि नोकरी जायची भीती नसलेला माणूस पाहिजे. डॉ. दत्ता सामंत तर घाटकोपरला दवाखाना चालवणारे डॉक्टर होते.

जॉर्ज मंगळूरचे, जन्म ३ जून १९३०. आईला इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाचं कौतुक म्हणून हे नाव (आणि पोरगा पुढे आयुष्यभर राजे लोकांशी भांडत बसला). घरच्यांनी सोळाव्या वर्षी पाद्री व्हायला बंगळुरूच्या सेमिनरीत पाठवलं. तिथे फादर लोकांना जेवण चांगलं, बसायला उंच टेबल आणि शिकणाऱ्या पोरांना वेगळं, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही आणि तीनेक वर्षांत बाहेर पडले. १९४९ ला मुंबईत आले तेव्हा चौपाटीच्या बाकड्यावर झोपायचे, मध्यरात्री हवालदार उठवायचा, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. मग पेपरात प्रूफरीडरची नोकरी लागली. त्यात भेटले गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो. बंदराजवळून जाणारा पी. डिमेलो रोड आहे ना, रोज हजारो लोक त्यावरून जातात आणि तो डिमेलो कोण हे कुणाला माहीत नसतं, तर ते हेच. जॉर्जना युनियन चालवायला यांनी शिकवलं आणि राजकारण समाजवादी नेते राम मनोहर लोहियांनी. १९५८ ला डिमेलो वारले आणि मग बराचसा भार या तरुण पोरावर आला. भाषा दहाच्या आसपास यायच्या, कोकणी, तुळू, कन्नड, मराठी, हिंदी वगैरे, अगदी लॅटिनसुद्धा. मुंबईत अर्धे टॅक्सीवाले उत्तरेकडचे, हॉटेलातले कामगार दक्षिणेचे, सफाई कामगार आपल्याकडचे, तिथे हे कामाला आलं. लॅटिन सोडून.

बाय द वे, तो निम्म्याचा नियम २००१ च्या दुरुस्तीत बराच आवळला, संघटित उद्योगात आता बाहेरचे एक तृतीयांश किंवा पाच, यातला कमी आकडा असेल तेवढेच चालतात. आणि ही दुरुस्ती झाली वाजपेयी सरकारच्या काळात, म्हणजे ज्या आघाडीचे निमंत्रक जॉर्जच होते!

माझे सासरे लोको शेडला होते. ७४ च्या संपात आम्हाला क्वार्टरमधून बाहेर काढलं होतं, सामान रस्त्यावर. सगळे म्हणतात संप फसला. मग दरवर्षी दसऱ्याच्या आधी बोनस येतो तो कशाचा? (वाचक भगिनी, भुसावळ)

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे पण नीट सांगते कारण नव्या पोरांना हे काही ठाऊक नाही.

१९७१ ला इंदिरा लाटेत जॉर्ज मुंबईतून सपशेल पडले. खासदारकी गेली. माणूस घरी बसला असता, हे रेल्वे कामगारांत शिरले आणि १९७३ मध्ये ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. रेल्वेत तेव्हा परिस्थिती काय होती तर इंजिनवरच्या लोकांची ड्युटी सलग, कधी संपेल ते गाडी ठरवणार, चौदा-सोळा तास म्हणजे काही विशेष नाही. सरकारी कारखान्यांत काम करणाऱ्यांना पगार जास्त आणि वर बोनस, आणि रेल्वेवाल्याला सांगायचे की तुमचं हे सरकारी खातं आहे, खात्याला बोनस कायदा लागू नाही. त्यात महागाई अशी की पगार महिन्याच्या मध्यालाच संपायचा. तर मागण्या साध्या होत्या, आठ तासांची ड्युटी, बोनस, पगारात बरोबरी. रेल्वेत युनियन ढीगभर, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या, त्यांना एका समितीत बसवलं हे जॉर्जचं खरं काम, भाषणं तर कोणीही करतं.

संप ठरला ८ मेचा. बोलणी चालू असतानाच २ मेला पहाटे जॉर्जना लखनौला अटक. तरी ८ तारखेला चाकं थांबली. सतरा लाखांच्या आसपास कामगार असलेलं खातं, कोळसा, धान्य, सगळं त्यावर चालतं, त्यामुळे सरकारने पण मागेपुढे पाहिलं नाही. मिसा (खटला न चालवता आत टाकायचा कायदा), भारत संरक्षण नियम, हजारो लोक आत, गाड्या चालवायला टेरिटोरियल आर्मी, आणि तुमच्यासारख्यांच्या घरातलं सामान रस्त्यावर. संपकऱ्याला धरता आलं नाही तर त्याच्या बायकोपोरांना धरायचं, हा प्रकार वसाहतीवसाहतींत झाला. मे महिन्याचं भुसावळचं ऊन, मी काय सांगणार तुम्हाला. २७ मेला संप बिनशर्त मागे घेतला. एकही मागणी मान्य झाली नाही.

त्या दिवसाचा हिशोब केला तर फसलाच. पण १९७७ ला जनता सरकार आलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्या लोकांना परत कामावर घेतलं. १९७९ मध्ये रेल्वेला उत्पादकतेशी जोडलेला बोनस लागू झाला. हल्ली जो अठ्ठ्याहत्तर दिवसांचा बोनस दसऱ्याच्या तोंडावर जाहीर होतो आणि टीव्हीवर सरकारची भेट म्हणून दाखवतात, तो हाच. भेट वगैरे काही नाही, तुमच्या सासऱ्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्याचे.

मुंबईचा पुढारी बिहारमधून कसा निवडून आला, तेही तुरुंगातून? (वाचक, पुणे)

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा जॉर्ज ओडिशात गोपाळपूरला सासुरवाडीला होते. तिथून कोळ्याच्या वेशात निसटले, मग कधी साधू कधी सरदारजी, असं वर्षभर देशभर फिरत राहिले. इकडे भाऊ लॉरेन्सला बंगळुरूत पोलिसांनी पकडून एवढं मारलं की त्यांची तब्येत कायमची गेली. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी पुढे बडोदा डायनामाइट खटला झाला त्याच प्रकरणात तुरुंगात दम्याने खंगल्या आणि सुटल्यावर काही दिवसांतच, जानेवारी १९७७ मध्ये गेल्या. जॉर्जची शौर्यकथा सांगताना ही दोन नावं लोक गाळतात म्हणून मुद्दाम लिहिलं. जॉर्ज १० जून १९७६ ला कलकत्त्यात सापडले आणि बडोदा डायनामाइट खटला उभा राहिला. आता डायनामाइट म्हटल्यावर त्यांचे चाहते अवघडतात, पण माणसं मरू नयेत एवढी काळजी घेऊन रूळ-पूल उडवून सरकारला हादरवायचं हा विचार होता हे त्या गटातल्या लोकांनी नंतर लपवलं नाही. मला स्वतःला तो मार्ग तेव्हाही पटला नसता.

१९७७ ला मुझफ्फरपूरमधून तुरुंगातूनच अर्ज. बेड्या घातलेला हात वर केलेला तो फोटो गावोगाव फिरला, प्रचाराला सुषमा स्वराज होत्या (त्यांचे पती स्वराज कौशल खटल्यात वकील), आणि उमेदवार एकदाही मतदारसंघात न जाता तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आला.

बिहारच का, तर समाजवाद्यांची ती जुनी वाट. तुमच्या पुण्याचे मधु लिमये त्याआधीच मुंगेरमधून आणि मग बांकामधून निवडून आले होते. लोहियांचं राजकारण तिथल्या मागास जातींत रुजलं तसं मुंबईत कधी रुजलं नाही. माझं मत विचाराल तर जॉर्जच्या सगळ्या कारकिर्दीची मेख इथेच आहे, युनियन मुंबईची पण मतं बिहारची. मुंबईचा कामगार पगारवाढीसाठी जॉर्जच्या मागे जायचा आणि मत द्यायच्या वेळी जात, भाषा, शिवसेना, इंदिराबाई असं सगळं आठवायचं. युनियनचा सभासद म्हणजे मतदार नव्हे हे त्यांना ७१ ला कळलं आणि परत त्यांनी मुंबईच्या जिवावर संसद गाठली नाही.

कोका-कोला त्यांनीच हाकललं ना? (वाचक, कोल्हापूर)

हो, पण अगदी हाकललं असं नाही. फेरा म्हणजे परकीय चलनाचा कायदा १९७३ चा, इंदिरा सरकारचाच. परदेशी कंपनीने भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा. जॉर्ज उद्योगमंत्री झाल्यावर म्हणाले की करा मग, आणि कोकवाले तयार झाले नाहीत, गेले. आयबीएमही गेली. सरकारने मग डबल सेव्हन नावाचं पेय काढलं, ते पिलेले लोक अजून तोंड वाकडं करतात. फायदा झाला तो थम्स अपचा. पण तुमच्या जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आहे ना, कर्जाच्या फायली घेऊन लोक जातात ते डीआयसी, ती योजना त्याच काळातली, १९७८ ची. कोकची गोष्ट सगळ्यांना पाठ आणि याचं नाव कोणी घेत नाही.

डॉ. दत्ता सामंत पण खासदार झाले होते. मग त्यांच्यात आणि जॉर्जमध्ये फरक काय? आमचं घर गिरणीचं. (वाचक, लालबाग)

डॉक्टर उलट्या बाजूने गेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. सरकार बोलायलाच तयार नव्हतं कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मान्यता काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, मग कामगार कोणाच्या मागे का असेनात. संप हरल्यात जमा असताना १९८४ ला, राजीव गांधींच्या लाटेत काँग्रेसने चारशेच्या वर जागा घेतल्या त्याच निवडणुकीत, गिरणगावाने डॉक्टरांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. म्हणजे जॉर्जना जे मिळालं नाही ते यांना मिळालं, कामगारांनी कामगार म्हणून मत दिलं. पण एकटा अपक्ष खासदार पाचशेच्या सभागृहात करणार काय? मान्यतेचा कायदा राज्याचा, गिरणीच्या जमिनीचा प्रश्न राज्याचा. १९८९ ला ते पडले. १६ जानेवारी १९९७ ला पवईत घराजवळ गोळ्या घालून त्यांचा खून झाला.

जॉर्जनी पक्ष सतत बदलले, फोडले, नवे काढले, म्हणून त्यांना मंत्रिपदं मिळाली. डॉक्टरांनी ते केलं नाही. कोण बरोबर हे तुमच्या घरात कोणाची गिरणी बंद पडली त्यावर ठरेल.

कोकण रेल्वेचं श्रेय नक्की कोणाचं? आमच्याकडे गणपतीत दरवर्षी यावरून वाद होतो. (वाचक, कणकवली)

वाद चालू ठेवा, गणपतीत नाहीतर बोलायचं काय. मागणी जुनी, बॅ. नाथ पैंनी लावून धरलेली, त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार दंडवते तेच बोलत राहिले. डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग सरकार आलं आणि असा योग आला की रेल्वेमंत्री जॉर्ज, अर्थमंत्री दंडवते, आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे. एक मंगळूरचा, एक कोकणचा प्रतिनिधी, एक कर्नाटकचा, तिघांनाही तीच लाइन हवी. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून केली असती तर नातवंडांनी उद्घाटन पाहिलं असतं, म्हणून वेगळं महामंडळ काढलं जुलै १९९० मध्ये, केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा, बाकी पैसा बाँड काढून. रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांना जॉर्जनीच त्यावर बसवलं. काही महिन्यांत सरकार पडलं पण महामंडळ उभं राहिलं होतं त्यामुळे काम थांबलं नाही, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. तर मागणी नाथ पै-दंडवत्यांची, रचना जॉर्जची, बोगदे श्रीधरन यांचे. असं वाटून घ्या.

रेल्वेमंत्र्याला पाडून खासदार झालेला, रेल्वे बंद पाडून तुरुंगात गेलेला माणूस रेल्वेमंत्री झाला तो जेमतेम वर्षभर, आणि मला तरी वाटतं वाजपेयींच्या काळातल्या संरक्षण खात्यातल्या सहा वर्षांपेक्षा ते एक वर्ष भारी होतं.

एवढा समाजवादी माणूस भाजपबरोबर गेलाच कसा? (डोंबिवलीहून दोघे, आणि कल्याण, सांगली, मडगाव येथूनही)

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. १९७९ ला जनता पक्षात दुहेरी सदस्यत्वावरून, म्हणजे पक्षात राहून संघाचंही सदस्य राहता येतं का यावरून भांडण झालं तेव्हा जॉर्ज संघाच्या विरुद्ध बाजूला. त्याच वेळी लोकसभेत मोरारजी सरकारची जोरदार बाजू मांडली आणि काही दिवसांतच चरणसिंगांकडे गेले, तो डाग कधी गेला नाही. १९९४ ला लालूंशी बिनसल्यावर नितीश कुमारांबरोबर समता पक्ष काढला आणि लालूंना रोखायचं तर भाजपशिवाय तिथे कोणी नव्हतं. काँग्रेसविरोध हा लोहियांचा वारसा, त्यांनी तो शेवटपर्यंत ओढला, पण लोहियांच्या काळची काँग्रेस १९९८ मध्ये कुठे होती? मला हे पटत नाही, स्पष्ट सांगते. गुजरात दंगलीनंतर लोकसभेतलं त्यांचं भाषण ऐकून कितीतरी जुने समाजवादी कार्यकर्ते कायमचे दुरावले. २००१ मध्ये तहलका प्रकरणात (संरक्षण खरेदीतल्या लाचखोरीचं छुपं चित्रण) राजीनामा दिला, ऑक्टोबरमध्ये परत मंत्री झाले, तेव्हा विरोधक त्यांना सभागृहात बोलू देत नव्हते.

पण याच मंत्र्याने २००२ मध्ये एचपीसीएल आणि बीपीसीएल या सरकारी तेल कंपन्या विकायला मंत्रिमंडळात पेट्रोलियममंत्री राम नाईकांबरोबर विरोध केला. सियाचेनच्या जवानांच्या स्नो स्कूटरची फाइल अडवणाऱ्या दिल्लीतल्या बाबूंना तिकडेच पाठवा असा हुकूम दिला. घराला गेट नव्हतं. समोर शंकरराव चव्हाण गृहमंत्री म्हणून राहायचे, त्यांची गाडी निघाली की सुरक्षावाले जॉर्जना स्वतःच्या घरातून बाहेर पडू देईनात म्हणून त्यांनी फाटकच काढून टाकलं, असं सांगतात. दोन्ही जॉर्ज खरेच आहेत, एक निवडून दुसरा टाकून देता येत नाही. शेवटी २००९ ला पक्षाने तिकीट नाकारलं तर मुझफ्फरपूरला अपक्ष उभे राहून पडले, मग वर्षभर राज्यसभा, आणि अल्झायमर. २९ जानेवारी २०१९ ला गेले.

आता कोणी कामगार पुढारी खासदार होतच नाही. बरोबर ना? (वाचक, माझगाव)

नाही, तुमचाच खासदार बघा की. दक्षिण मुंबईचे अरविंद सावंत एमटीएनएलमध्ये नोकरीला होते आणि तिथल्या कामगार संघाचे पुढारी, २०१४ पासून तीनदा निवडून आलेत, त्याच दक्षिण मुंबईतून जिथे जॉर्ज जिंकले आणि हरले. फक्त ते आले शिवसेनेतून, शाखेची माणसं मागे घेऊन. आणि ज्या एमटीएनएलच्या युनियनमधून ते आले तिथल्या बहुतेक लोकांनी २०२० पर्यंत व्हीआरएस घेतली.

पुढच्या अंकासाठी गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीवरचे प्रश्न घेतेय. पाठवणार असाल तर गिरणीचं नाव लिहा, पण तिकीट नंबर आणि आधारचे फोटो कृपया पाठवू नका, यावेळी पण बऱ्याच जणांनी पाठवलेत.